शू, उलटी, सांडलेलं तेल: कशासाठी हातात काय घ्यायचं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी सगळं बोललो तसंच ठेवलंय.)

जेवत असाल तर हा भाग जरा वेळाने ऐका, कारण आजचा विषय ताटासमोर घेण्यासारखा नाहीये. आज बोलायचंय घरातल्या घाणीबद्दल. कुत्र्याची शू, मांजराची उलटी, गॅसजवळ सांडलेलं तेल, सोफ्यावर उलटलेला दुधाचा ग्लास. आणि मुख्य म्हणजे, यातलं काय पुसायला काय वापरायचं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? फडका घ्यायचा, फिनाईल ओतायचं, पुसायचं. पण पाळीव प्राण्यांवरच्या भागांना तुमचे जे मेसेज येतात, त्यात एक वाक्य सारखं असतं: ‘किती पुसलं तरी वास जात नाही.’ आणि त्याच्यापुढे जे लिहिलेलं असतं ते वाचून वाईट वाटतं. भाड्याचं घर आहे, मालक कुरकुर करतोय. शेजारच्या काकू सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलल्या. घरात आई म्हणते, ‘एक तर ते मांजर राहील नाहीतर मी.’ शेवटी मांजर कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू होते. बऱ्याचदा त्या जनावराचा काही दोष नसतो. पुसायची पद्धत चुकलेली असते, बस.

माझ्याकडे एक बोका आहे आणि एक देशी कुत्री. दोन खोल्यांचं घर आहे, मोठं अंगण वगैरे काही नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते रोजच्या वापरातलं आहे. काही रसायनशास्त्र येईल मध्ये, पण घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं नाहीये.

आधी क्रम, मग वस्तू

कुठलीही घाण असो, क्रम एकच: उचला, टिपा, धुवा, वास काढा, आणि गरज असेल तरच निर्जंतुक करा.

घट्ट असेल ते आधी उचलायचं. ओलं असेल ते टिपून घ्यायचं. लक्षात घ्या, टिपायचं म्हणतोय, घासायचं नाही. घासलं की ओल पसरते आणि कापडाच्या धाग्यांत, फरशीच्या सांध्यांत आत जाते. वरून दाबून ठेवलं की ती फडक्यात चढते. नंतर पाण्याने, साबणाने धुवायचं. वास त्याच्यानंतर. आणि जंतुनाशक सगळ्यात शेवटी, कारण घाणीच्या थरावर जंतुनाशक ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. शू दिसली की पहिल्यांदा हात जातो फिनाईलच्या बाटलीकडे. मग ओल्या पोछ्याने सगळं मिळून खोलीभर फिरवलं जातं. एका टाइलवरची शू अशी सहा टाइल्सवर जाते.

शूचा वास परत का येतो?

शूमध्ये युरिया असतो. ताज्या शूला फार वास नसतो. पण ती पडून राहिली की जिवाणू युरिया फोडतात आणि अमोनिया तयार होतो. डोळ्यांत झोंबणारा तो वास अमोनियाचा.

मांजरांचं आणखी एक आहे. त्यांच्या शूमध्ये फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून गंधकयुक्त पदार्थ बाहेर पडतात. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे फेलिनिन जास्त असतं, म्हणून जिन्यात एखादा बोका फवारून गेला की दोन दिवस सगळ्या बिल्डिंगला कळतं.

हे सगळं वाळलं की वास कमी झाल्यासारखा वाटतो. पण जो भाग सांध्यांत, गादीत, लाकडात मुरलाय तो तिथेच असतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याला ओल मिळते आणि वास पुन्हा उठतो. जूनमध्ये ‘अचानक घराला वास यायला लागला’ असं वाटतं ना, त्यातला बराचसा मार्चमधला असतो.

आणि आपल्याला वास आला नाही म्हणजे तो गेला असं नाही. कुत्र्या-मांजरांचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्यांना तो लागतो, आणि त्यांच्या हिशेबाने ती जागा म्हणजे संडास ठरून जाते. म्हणून तर तोच कोपरा पुन्हा पुन्हा.

फिनाईल इथे काय करतं? स्वतःच्या वासाने शूचा वास झाकतं. मुरलेला भाग तसाच राहतो. अमोनिया असलेला क्लीनर वापरला तर आणखी गंमत, त्याचा वास जनावराला शूसारखाच वाटतो.

याच्यावर खरा उपाय म्हणजे एन्झाइम क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. यात घाणीतले सेंद्रिय पदार्थ तोडणारी विकरं असतात, काहींमध्ये ती तयार करणारे निरुपद्रवी जिवाणूही असतात. वास झाकायच्या ऐवजी ते वासाचं मूळच खातात, असं समजा. पण वापरायचे तीन नियम आहेत.

एक, आधी शू टिपून घ्या. दोन, जेवढी शू आत गेलीय तेवढाच क्लीनर आत गेला पाहिजे. वरवर दोन फवारे मारून काही होत नाही. आणि तो ओला राहिला पाहिजे, फरशीवर दहा-पंधरा मिनिटं, गादीवर काही तास. बाटलीवर वेळ लिहिलेली असते, ती पाळा. तीन, त्याच जागेवर आधी फिनाईल किंवा ब्लीच मारलेलं असेल तर पहिल्यांदा साध्या पाण्याने नीट धुवून घ्या. नाहीतर ते रसायन विकरांनाच निकामी करतं आणि तुम्ही म्हणता, ‘एवढं महाग आणलं, काही उपयोग नाही.’

हातात घ्यायच्या वस्तू

आता साधनांकडे येऊ. एकेक घेतो.

जुनी सुती फडकी. घरातली सगळ्यात भारी वस्तू, आणि फुकट. जुना टॉवेल, जुनी बनियन, आजीच्या सुती साडीचे तुकडे. सुती कापड ओल ओढून घेतं. सिंथेटिक टी-शर्टचा फडका करू नका, तो पाणी इकडचं तिकडे ढकलतो. शूसाठीची फडकी वेगळी ठेवा, शक्यतो वेगळ्या रंगाची, म्हणजे ओट्यावरच्या फडक्यात मिसळणार नाहीत.

किचन रोल आणि रद्दी पेपर. उलटी, शी, अंडं, म्हणजे जे थेट फेकायचंय त्याच्यासाठी. रद्दी पेपर फरशीवर चालतो, पण फिकट रंगाच्या सोफ्यावर किंवा चादरीवर नको, ओला झाला की शाई उतरते.

मायक्रोफायबरचं कापड. बारीक धाग्यांमुळे केस, धूळ आणि पातळ तेलकट थर छान उचलतं. धुताना कपड्यांना मऊपणा आणणारं कंडिशनर अजिबात टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं.

वायपर. बाथरूममध्ये असतो तो रबरी पट्टीवाला. पाण्याची बादली सांडली तर एक नंबर. शूवर मात्र नको. तो ओल सांध्यांमधून ओढत नेतो.

पोछा. दांड्याचा असो, गोल फिरणारा असो, हा धुण्याच्या पायरीचा आहे, टिपण्याच्या पायरीचा नाही. गोल फिरणाऱ्या मॉपचा एक फायदा, पिळून जवळजवळ कोरडा करता येतो. पण बादलीतलं पाणी तेच राहिलं तर तुम्ही घाण पाण्याने घर पुसताय. शूची जागा पुसून झाली की पाणी फेका, पोछ्याचं कापड धुवा आणि उन्हात वाळवा. दमट कोपऱ्यात ठेवलेला पोछा स्वतःच वास मारतो.

केरसुणी, झाडू आणि सुपली. कोरड्यासाठीच. ओल्या शीला किंवा उलटीला झाडू लावला की त्याच्या काड्यांत ती अडकते, आणि झाडू काही कोणी धुवत नाही. शी उचलायला पातळ कडेची प्लॅस्टिकची सुपली आणि जुन्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा. लग्नाच्या पत्रिका फेकू नका राव, एवढा छान पुठ्ठा विकत मिळत नाही.

रबरी हातमोजे. भांडी घासायचे असतात ते. घाणीसाठी आहेतच, पण दुसरा उपयोग सांगतो. मोजा जरासा ओला करून सोफ्यावरून एकाच दिशेने हात फिरवा. कुत्र्याचे केस गोळा होऊन वळकटी तयार होते. चिकट रोलरपेक्षा स्वस्त आणि कचराही कमी.

व्हॅक्यूम क्लीनर. साधा असेल तर द्रव कधीच ओढू नका, मोटार जाते आणि शॉकचा धोका असतो. ‘वेट अँड ड्राय’ लिहिलेला असेल तरच ओल्यासाठी. सोफा आणि गाद्यांसाठी पाणी फवारून लगेच ओढून घेणारी छोटी यंत्रंही मिळतात. मोठा सोफा आणि म्हातारा कुत्रा असं जोडीने असेल तर विचार करा, नाहीतर गरज नाही.

रोबो व्हॅक्यूम. ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांनी रोबोला रात्रीचा टायमर लावू नका. पिल्लाने मध्यरात्री शी केली की तो इमानदारीने ती घरभर सारवून येतो. (हसू)

वाफेचा मॉप. रिकाम्या टाइल्सवर ठीक. पण शू, दूध, अंडं, रक्त पडलेल्या गालिच्यावर किंवा सोफ्यावर नको. यांत प्रथिनं असतात, आणि उष्णतेने प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला चिकटतात. अंडं उकडल्यावर काय होतं, तेच तुमच्या सोफ्यात होतं.

यूव्ही टॉर्च. छोटी, जांभळ्या उजेडाची. अंधार करून फिरवली की वाळलेली शू फिकट पिवळट-हिरवी चमकते. वास येतोय पण जागा सापडत नाही, तेव्हा हिच्यासारखं काही नाही. फक्त डिटर्जंटचे डागही तिच्यात चमकतात, म्हणून चमकलं की नाक लावून खात्री करा. आणि डोळ्यांत मारू नका, जनावराच्याही.

फरशी कुठली आहे ते बघा

इंटरनेटवर सगळीकडे एकच सल्ला: व्हिनेगर वापरा. थांबा जरा. आपली घरं वेगळी आहेत.

नव्या इमारतींत बहुधा व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्या जवळजवळ काही शोषत नाहीत. पण त्यांच्यामधल्या सांध्यांतलं सिमेंट शोषतं. म्हणजे लढाई टाइलवर नाही, सांध्यात आहे. तिथे जुना टूथब्रश आणि एन्झाइम क्लीनर. व्हिनेगर पाण्यात मिसळून कधीमधी चालेल.

जुन्या घरात शहाबादी, कोटा, मार्बल किंवा मोझेक असेल तर व्हिनेगर, लिंबू, संडासाचा ॲसिडवाला क्लीनर, काही म्हणजे काही नको. शहाबादी, कोटा आणि मार्बल हे चुनखडीच्या कुळातले दगड. मोझेकमध्ये मार्बलच्या चिपा आणि सिमेंट असतं. ॲसिड पडलं की चुना विरघळतो, चकाकी जाते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. मग तो पुढची शू आणखी पिऊन घेतो. अशा फरशीला साधा सौम्य साबण, भरपूर पाणी आणि एन्झाइम क्लीनर. बास.

लाकडी किंवा लॅमिनेट असेल तर वेळेशी स्पर्धा आहे. जोडांतून ओल गेली की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. ताबडतोब टिपा, जेमतेम ओल्या फडक्याने पुसा, आणि पंखा लावा.

गादी आणि सोफा

सगळ्यात जास्त रडू इथे येतं. काय करायचं ऐका.

चादर लगेच काढा. जाड कोरडा टॉवेल घालून त्याच्यावर चक्क उभे राहा, आपलं वजन कामाला येऊ द्या. टॉवेल बदला, पुन्हा उभे राहा. ओल उमटायची थांबेपर्यंत. मग थोडं थंड पाणी, पुन्हा टिपणं. मग एन्झाइम क्लीनर, डागापेक्षा चार बोटं जास्त भागावर. वरून प्लॅस्टिक टाकून ठेवा म्हणजे लवकर वाळणार नाही. काही तासांनी टिपून घ्या आणि वाळवा. पूर्ण वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून किंवा व्हॅक्यूमने काढा. सोडा उरलेला वास ओढून घेतो, पण तो मुरलेल्या शूपर्यंत पोचत नाही. म्हणून तो शेवटी, पहिल्यांदा नाही.

कापसाची गादी असेल तर गच्चीवर कडक ऊन दाखवा, दोन्ही बाजूंनी. आज्ज्या उगाच गाद्या वाळत घालत नव्हत्या. आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात गादीला पाणी न झिरपणारं कव्हर घाला. या भागातलं एकच काही विकत घेणार असाल तर हे घ्या.

डाग राहिला तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्के असतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी घालून निम्मं करा. ते रंग उडवतं, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंब टाकून बघा. जनावर त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

हे मात्र कधीच नाही

आता नीट ऐका. या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं.

ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचे वायू निघतात. दोन्ही श्वासनलिका आणि फुप्फुसं जाळतात. आणि अमोनिया कुठे असतो? जुन्या शूमध्ये! बंद बाथरूममध्ये मांजराच्या लिटरच्या ट्रेवर थेट ब्लीच ओतणं, हे प्रयोगशाळेत करायलाही कोणी परवानगी देणार नाही. ‘दोन्ही मिसळलं की जास्त स्वच्छ होतं’ हा समज डोक्यातून काढून टाका. चुकून मिसळलं गेलं तर पुसत बसू नका. माणसं आणि प्राणी बाहेर, खिडक्या-दारं उघडी, आणि खोकला किंवा धाप लागली तर सरळ डॉक्टर.

दुसरं, फिनाईल आणि मांजर. काळ्या फिनाईलमध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणारे फिनॉल असतात. पांढऱ्यात पाइन तेल असतं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणाऱ्या अँटिसेप्टिकमधलं क्लोरोझायलेनॉल हेही फिनॉलच्याच घराण्यातलं. अशी द्रव्यं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार अपुरी असते. मांजर फरशीवरून चालतं, पंजाला ते लागतं, आणि मांजर दिवसभर काय करतं? स्वतःला चाटतं. लाळ गळणं, तोंडात जखमा, लडखडणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय नकोत. बाटलीचा फोटो काढा आणि पशुवैद्य गाठा. बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेले फ्लोअर क्लीनरही मांजराच्या तोंडाला भाजल्यासारखी जखम करू शकतात. वापरलाच तर लेबलवर सांगितला तेवढाच पातळ, नंतर साध्या पाण्याने पुसा, आणि फरशी पूर्ण सुकल्यावरच मांजराला सोडा.

घरी मावशी किंवा ताई कामाला येत असतील तर त्यांना हे समजावून सांगा, हुकूम सोडल्यासारखं नाही. त्यांच्या लेखी वास आला म्हणजे फरशी पुसली गेली, आणि अनेक घरांत त्यांना तसंच सांगितलं जातं. आमच्या मावशींना मी एवढंच म्हटलं, ‘मावशी, हा पाय चाटतो, त्याला ते बाधतं.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग आधी सांगायचं की.’ शिवाय रोज उघड्या हातांनी त्या रसायनांत त्यांचे हात बुडतात. हातमोज्यांचा एक जोड त्यांच्यासाठीही आणून ठेवा.

निर्जंतुक कधी करायचं?

रोज नाही. पण काही वेळा करावंच लागतं.

पिल्लाला पार्वो झाला असेल तर तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. सॅनिटायझर किंवा साधा फ्लोअर क्लीनर त्याला मारत नाही. जागा आधी साबणाने धुवून, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं ताजं द्रावण, दहा मिनिटं ओलं ठेवून, नंतर भरपूर पाणी. ताजं का, तर पातळ केलेलं ब्लीच पडून राहिलं की कमजोर होतं.

कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या शूमधून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईकरांना हे नाव दर पावसाळ्यात ऐकू येतं. जंतू हाता-पायावरच्या जखमेतून शिरतो. हातमोजे घाला, जागा कोरडी ठेवा, आणि कुत्र्याच्या लसींमध्ये लेप्टोची आहे का ते पशुवैद्यांना विचारा.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजराचा ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करावा, आणि रोज करावा. टॉक्सोप्लाझ्माची बीजं शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस घेतात. ट्रे रोज साफ झाला की धोका खूपच कमी होतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, हे घरातल्या मोठ्यांना नक्की ऐकवा.

स्वयंपाकघरातली सांडलवंड

आता जरा बरा वास असलेल्या गोष्टी.

तेल: पाणी ओतू नका, ते पसरतं. रद्दी पेपर, मग वर बेसन, तांदळाचं पीठ किंवा लाकडाचा भुसा. दहा मिनिटांनी पुठ्ठ्याने उचला. शेवटी भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. कुत्रा असेल तर या दहा मिनिटांत त्याला बाहेर ठेवा, तेलातलं बेसन म्हणजे त्याच्यासाठी मेजवानी, नंतर जुलाब.

दूध आणि अंडं: थंड पाणी. गरम नको, कारण मघाशी सांगितलंच. सोफ्यात दूध गेलं तर तिथेही एन्झाइम क्लीनर चालतो.

हळद: साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागली की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू बनवतात ते याच गुणावर. साबण धुवून टाका आणि कपडा उन्हात टाका. कर्क्युमिनचा रंग उन्हात उडतो.

फुटलेली काच: आधी प्राण्यांना दुसऱ्या खोलीत कोंडा. मोठे तुकडे जाड मोजे घालून उचला. बारीक चुरा ओल्या किचन रोलने किंवा पावाच्या तुकड्याने टिपा. मग टॉर्च जमिनीलगत आडवी धरा, राहिलेले कण चमकतात. काच पेपरात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा. कचरा वेचणारे हात कुणाचे तरी असतात.

पारा: जुना थर्मामीटर फुटला तर झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. दोन्हींनी पारा आणखी बारीक होऊन हवेत जातो. पंखा बंद, खिडकी उघडी, मुलं आणि प्राणी बाहेर. हातातली सोन्याची अंगठी काढा, पारा सोन्याला धरतो. दोन कडक कार्डांनी थेंब गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीवर घ्या. सगळं झाकणाच्या बरणीत बंद. बेसिनमध्ये ओतायचं नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात धरलेला होता; तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळाच द्या.

एक डबा तयार ठेवा

घाण झाल्यावर शोधाशोध नको. एका झाकणाच्या डब्यात एवढं ठेवा: आठ-दहा सुती फडकी, किचन रोल, हातमोजे, जुन्या पत्रिका, प्लॅस्टिकची सुपली, जुना टूथब्रश, एन्झाइम क्लीनर, खायचा सोडा, कचऱ्याच्या पिशव्या. महागडी वस्तू यात एकच, क्लीनर. डबा जनावराला उघडता येणार नाही असा हवा. आमची कुत्री फ्रिज उघडते, म्हणून सांगतोय.

आणि पुसण्याच्या आधीचा प्रश्न

शेवटचं. ट्रेमध्ये व्यवस्थित जाणारं मांजर अचानक गादीवर शू करायला लागलं, किंवा शहाणा कुत्रा घरातच करायला लागला, तर आधी विचारा, का?

पिल्लू असेल तर त्याला तेवढा वेळ धरवतच नाही. ढोबळ हिशेब असा, जितके महिन्यांचं तितके तास. म्हातारा कुत्रा असेल तर मूत्रपिंड, मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, काहीही असू शकतं. मांजर असेल तर ट्रे घाण आहे का, वाळू बदलली का, घरात नवं कोणी आलंय का ते बघा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा चांगला नियम आहे. फवारणारा बोका असेल तर नसबंदीने बहुतेक वेळा फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं.

आणि बोका सारखा ट्रेमध्ये जातोय, जोर लावतोय, ओरडतोय, मागचा भाग चाटतोय, आणि येतायत फक्त दोन थेंब, किंवा तेही नाही? मग फडका खाली ठेवा. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्यांमध्ये हा मार्ग अरुंद असतो, आणि पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळपर्यंत थांबायचं नाही, रविवार आहे म्हणूनही थांबायचं नाही. रात्री सुरू असणारा जवळचा प्राण्यांचा दवाखाना कुठे आहे, तो नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.

नाक घासणं, चापट मारणं यातून जनावर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे करतं. आणि मग तुम्हाला यूव्ही टॉर्च लागते!

चला, आज इथे थांबूया. तुमच्या फरशीवर, तुमच्या जनावरासोबत कुठली युक्ती चाललीय ती मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. ज्याच्या घरी नवीन पिल्लू आलंय त्याला हा भाग आजच फॉरवर्ड करा, त्याला रात्रीच लागेल. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत पाय बघून टाका!